उन्हाळ्याआधी एक प्रयोग तरी: सातारा-सांगलीकरांना आवाहन

कृष्णाकाठच्या नागरिकांनो,

पाऊस सरला की आपल्याकडे आकाश मोकळे होते आणि पुढचे काही महिने लख्ख ऊन पडते. याच महिन्यांत नदी मात्र दिवसेंदिवस उतरत जाते. मार्च उजाडला की बंधाऱ्यांमागे अडलेले पाणी तेवढे उरते आणि त्यात वरून जे येईल ते साठत राहते. ऊन भरपूर आहे आणि नदीत अजून पाणी आहे, असा हा मधला काळ आपल्याला वाया घालवायचा नाही.

आमची मागणी एकच आहे. येत्या मार्चच्या आत सातारा आणि सांगली जिल्ह्यांत प्रत्येकी एका ठिकाणी, एका चालू कारखान्याच्या रंगीत सांडपाण्यावर, वीज आणि सूर्यप्रकाश वापरून रंग मोडण्याचा छोटा प्रयोग उभा राहावा. तो कुलूपबंद नसावा आणि त्याचे आकडे, चांगले असोत की वाईट, गावाच्या फळ्यावर लागावेत. ही विद्या आपल्याला परदेशातून आणायची नाही. ती तासा-दोन तासांच्या अंतरावर, आपल्याच विद्यापीठात आहे.

हा प्रश्न आपला कसा

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाईवरून येते, माहुलीला वेण्णेला घेते, कराडला कोयनेला भेटते, सांगलीजवळ हरिपूरला वारणेला आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगेला सामावून घेते. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजना तिचेच पाणी उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत अशा कोरड्या तालुक्यांत नेतात. म्हणजे नदीत जे मिसळते ते काठावर थांबत नाही. ते द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागांपर्यंत पोचते.

पंचगंगेकाठच्या इचलकरंजीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. मागांवर आणि कापडप्रक्रियेवर ते शहर मोठे झाले. आज पायाशी नदी असून तिचे पाणी भरवशाचे राहिलेले नाही. म्हणून शहराला कृष्णेवरून पाणी आणावे लागते. वारणेतून आणायचे ठरले तेव्हा वारणाकाठ विरोधात उभा राहिला, दूधगंगेतून आणायचे ठरले तेव्हा कागल तालुका. पंचगंगा बिघडली ती एकट्या रंगणीमुळे नव्हे. शहरांचे मैलापाणी आणि साखर कारखानेही तिला जबाबदार आहेत. पण नदी हातची गेली की शेजाऱ्यांकडे पाणी मागताना किती कमीपणा घ्यावा लागतो, हे तिथे दिसले. आणि ‘ते शहर आपल्या खालच्या अंगाला आहे, आपला काय संबंध’ असे सांगलीकरांना म्हणता येणार नाही. इचलकरंजीच्या नळाला येणारे कृष्णेचे पाणी आधी सांगलीवरूनच गेलेले असते, शहराचे सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्यासह.

आपल्याकडे विट्याच्या पट्ट्यात यंत्रमाग आहेत. माग कोरे कापड विणतात, आणि कोऱ्या कापडाला भाव कमी. मोल वाढते ते रंगणी आणि छपाईत. राज्याचे २०२३ ते २०२८ या काळासाठीचे वस्त्रोद्योग धोरणही कापसापासून तयार कपड्यापर्यंतची पूर्ण साखळी राज्यातच उभी करायचे म्हणते. विट्याच्या माणसाला चार पैसे जास्त मिळावेत, हे कोणाला नको आहे? पण रंगणी येणार असेल तर पाण्याचा हिशोब तिच्या आधी मांडला पाहिजे. एक किलो कापडाच्या प्रक्रियेला सर्वसाधारणपणे शंभर लिटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाणी लागते. दुष्काळी तालुक्यात हे पाणी कुठून येणार आणि वापरून झाल्यावर कुठे जाणार, याचे उत्तर पायाभरणीच्या आधी मिळाले पाहिजे.

दुसरा रंग आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे: मळीचा तपकिरी. कराडपासून वाळव्या-पलूसपर्यंत साखर कारखाने आणि त्यांच्या आसवन्या आहेत. एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर गडद तपकिरी सांडपाणी निघते. त्यातला मेलॅनॉइडिन नावाचा रंग जिवाणूंना सहज पचत नाही. हे पाणी बाहेर सोडायला आसवन्यांना मनाई आहे. तरी दर उन्हाळ्यात ‘मळीमिश्रित पाणी’ हे शब्द वर्तमानपत्रांत येतातच. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. ते कापडाच्या रंगाने झाले, असे आम्ही म्हणत नाही. उतरलेल्या नदीला थोडीशी घाणही पेलत नाही, एवढे त्यावरून कळावे.

रंग साध्या टाकीत का जात नाही

कापडाचा रंग बनवणाऱ्यांनी तो टिकावा म्हणूनच बनवलेला असतो. साबण, घाम, ऊन यांना तो दाद देत नाही, मग सांडपाण्याच्या टाकीतल्या जिवाणूंना तरी का द्यावी? आज वापरातल्या कृत्रिम रंगांत मोठा वाटा अॅझो रंगांचा आहे. दोन नायट्रोजन अणूंच्या दुहेरी बंधाभोवती त्यांची रचना उभी असते. सुती कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या रिअॅक्टिव्ह रंगांपैकी १० टक्क्यांपासून कधीकधी निम्म्यापर्यंत रंग कापडाला बसतच नाही. तो पाण्याबरोबर निघून जातो. रंग बसावा म्हणून लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ घातलेले असते, तेही सोबत जाते.

हे पाणी बंधाऱ्यामागे साचले की आणखी एक गोष्ट घडते. तळच्या गाळात प्राणवायू नसतो. तिथले जिवाणू अॅझो बंध तोडतात, रंग फिकट होतो आणि पाहणाऱ्याला बरे वाटते. पण बंध तुटल्यावर अॅरोमॅटिक अमाइन नावाची द्रव्ये उरतात. त्यांतली बेंझिडीनसारखी काही माणसाला कर्करोग देणारी आहेत, हे सिद्ध झालेले आहे. अशी द्रव्ये देणाऱ्या रंगांवर जर्मनीने १९९४ साली बंदी घातली, भारतानेही त्याच दशकात घातली. बाकीच्या रंगांचे तुकडे निरुपद्रवी असतात, असा याचा अर्थ नव्हे.

म्हणून ध्यानात ठेवा: रंग दिसेनासा झाला म्हणजे पाणी सुधारले, असे नाही. कधी तो खरोखर मोडतो, कधी नुसता तुकडे होऊन लपतो, तर कधी गाळात जाऊन बसतो. तिन्ही वेळा पाणी सारखेच स्वच्छ दिसते.

वीज आणि ऊन काय करतात

पहिली पद्धत विजेची. सांडपाण्यात लोखंडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्या सोडून त्यांतून एकदिश प्रवाह पाठवायचा. धातू विरघळतो, त्याच्या हायड्रॉक्साइडचे लगदे तयार होतात, रंग त्यांना चिकटतो आणि लगदे तरंगून किंवा बुडून वेगळे होतात. विजेने गोठण घडवण्याची ही पद्धत गडद पाण्यालाही चालते, लवकर होते आणि तिची यंत्रणा साधी असते. तिची उणीव म्हणजे गाळ. रंग मोडलेला नसतो, फक्त एका जागी गोळा झालेला असतो.

दुसरी पद्धतही विजेचीच, पण इथे पट्टी विरघळत नाही. रुथेनियम ऑक्साइडचा लेप दिलेले टायटॅनियम किंवा बोरॉन मिसळलेला कृत्रिम हिरा असा टिकाऊ इलेक्ट्रोड वापरला, तर रंगाचा रेणू विद्युत्-ऑक्सिडीकरणाने तुटत जातो. रंगणीच्या पाण्यातले मीठ इथे उपयोगी पडते. मिठामुळे वीज सहज वाहते आणि त्यातल्या क्लोराइडपासून तयार होणारा क्लोरीन रंगावर तुटून पडतो.

तिसरी पद्धत उन्हाची. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी संशोधकांनी टायटॅनियम डायॉक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करून दाखवले. तिथून हा मार्ग खुला झाला. अशा अर्धवाहकावर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन जागा सोडतो आणि मागे रिकामी जागा राहते. ती जागा पाण्याशी भिडून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार करते. हा कण क्षणाच्या अतिसूक्ष्म भागापुरताच जगतो, पण तेवढ्यात वाटेत येणाऱ्या जवळजवळ कोणत्याही सेंद्रिय रेणूची मोडतोड करतो. अडचण एवढीच की सुटलेला इलेक्ट्रॉन लगेच परत जागेवर येऊ पाहतो. त्याला बाहेरून एक-दीड व्होल्टचा दाब देऊन, म्हणजे टॉर्चच्या एका सेलएवढ्या जोराने, दुसरीकडे ओढून घेतले की काम वाढते. वीज आणि प्रकाश असे एकत्र येतात तेव्हा त्या पद्धतीला प्रकाश-विद्युत-उत्प्रेरण म्हणतात.

हे काम आपल्या भागात झालेले आहे. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांचे शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झाले. त्याच्या पदार्थविज्ञान अधिविभागात प्रा. सी. एच. भोसले आणि प्रा. के. वाय. राजपुरे यांच्या संशोधकांनी झिंक ऑक्साइड, टंगस्टन ऑक्साइड, आयर्न ऑक्साइड यांसारख्या पदार्थांचे पातळ थर तापलेल्या काचेवर फवाऱ्याने चढवले. त्या थरांच्या साहाय्याने पाण्यातली सेंद्रिय द्रव्ये प्रकाशात मोडून दाखवली. या कामावरचे निबंध जगभरच्या नियतकालिकांत छापून आले आहेत. उत्प्रेरकाचा हा थर काचेवर पक्का बसलेला असल्याने तो नंतर पाण्यातून गाळून काढावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

मग अडले कुठे? प्रयोगशाळेतले पाणी आपण बनवलेले असते: एक रंग, मोजून घातलेला, शुद्ध पाण्यात. कारखान्याच्या नाल्यात पाच रंग, मीठ, सोडा, साबण, खळ आणि धागे एकत्र येतात. चंचुपात्रापासून नाल्यापर्यंतचे अंतर अजून चालायचे आहे. ते चालण्यासाठी संशोधकांना कारखान्याचे फाटक उघडून मिळाले पाहिजे.

काय होणार नाही, तेही ऐका

आम्ही जादू विकायला निघालेलो नाही. गडद पाण्यात प्रकाश शिरतच नाही, त्यामुळे उन्हाची पद्धत पहिल्या पायरीला कुचकामी आहे. ती शेवटच्या पायरीला, पातळ थराने वाहणाऱ्या फिकट पाण्यालाच लागू पडते. टायटॅनियम डायॉक्साइडला अतिनील किरण लागतात आणि उन्हात त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आतबाहेर असतो. टंगस्टन आणि लोखंडाची ऑक्साइडे दृश्य प्रकाशाचाही काही भाग वापरतात, पण त्यांच्या वेगळ्या मर्यादा आहेत. विजेचा खर्च पद्धतीप्रमाणे घनमीटरमागे काही युनिटांपासून काही दहा युनिटांपर्यंत जातो. जिथे क्लोरीन तयार होतो तिथे नको असलेली क्लोरीनयुक्त द्रव्येही तयार होऊ शकतात, ती तपासली नाहीत तर एक विष काढून दुसरे घातल्यासारखे होईल. गाळ घातक कचऱ्याच्या नियमांनुसारच अधिकृत ठिकाणी गेला पाहिजे, रात्री ओढ्याकडेला नव्हे. आणि मीठ यातल्या कोणत्याही पद्धतीने जात नाही.

मिठाचा धडा तमिळनाडूतल्या तिरुप्पूरने शिकवला. तिथल्या रंगणीच्या खाऱ्या पाण्याने नोय्यल नदी आणि ओरतुपालयम धरणाखालची शेती नासली. शेतकरी न्यायालयात गेले. अखेर जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची अट पूर्ण होईपर्यंत रंगणीचे कारखाने बंद ठेवायला लावले. सातशेच्या आसपास युनिटे एका आदेशाने थांबली आणि हजारो कामगार घरी बसले. आधी नदी गेली, मग शेती, आणि शेवटी धंदाही. आपल्या मागधारकांनी हा क्रम नीट वाचावा. आज सांडपाण्यावर केलेला खर्च म्हणजे उद्याच्या टाळेबंदीचा विमा आहे.

प्रयोग कसा असावा

दिवसाला हजार लिटर पाण्यापुरती मांडणी पुरे. रंगाच्या हौदातले पहिले, गडद पाणी आणि नंतरच्या धुण्याचे फिके पाणी वेगळे काढावे. दोन्ही एकत्र केले की सगळेच पाणी महाग होते. गडद पाण्यावर विजेने गोठण करावे. निवळलेले पाणी उथळ, उतरत्या तबकांतून उन्हात फिरवावे आणि तबकांच्या तळाशी उत्प्रेरकाचा थर चढवलेल्या काचा असाव्यात. त्यांना लागणारा दाब छपरावरच्या सौर पट्टीतून मिळेल. महाराष्ट्रात चौरस मीटरमागे रोज सरासरी पाच युनिटांच्या आसपास सौरऊर्जा पडते. पावसाळ्यानंतरचे महिने त्यासाठी उत्तम.

आसवनीचे तपकिरी पाणी निवडले तर ते थेट घेऊ नये. त्यातला सेंद्रिय भार फारच मोठा असतो. आधीच्या सगळ्या प्रक्रिया होऊन उरलेल्या रंगावरच हा प्रयोग करावा.

मोजायचे काय? केंद्र सरकारने २०१६ साली कापड उद्योगासाठी ठरवलेल्या मर्यादा समोर आहेत: सीओडी (रासायनिक प्राणवायू मागणी) लिटरमागे २५० मिलिग्रॅम, बीओडी (जैविक प्राणवायू मागणी) ३० मिलिग्रॅम, आणि रंगासाठी प्लॅटिनम-कोबाल्ट मापात १५०. यांना आणखी चार गोष्टी जोडाव्यात: विरघळलेले क्षार, क्लोरीनयुक्त सेंद्रिय द्रव्ये, घनमीटरमागे लागलेली वीज आणि निघालेल्या गाळाचे वजन. शिवाय एक चाचणी शेतकऱ्यांनी स्वतः करावी. प्रक्रिया केलेल्या पाण्यावर आणि विहिरीच्या पाण्यावर मुगाचे किंवा मेथीचे बी शेजारी शेजारी उगवून पाहावे. यंत्राला जे दिसत नाही ते कधीकधी कोंबाला कळते.

कोणी काय करावे

*रंगणी, प्रक्रिया आणि आसवनी उद्योगांच्या मालकांनो,* आम्हाला तुमची चूक शोधायची नाही, तुमचा नाला हवा आहे. एकाने पुढे या. थोडी जागा, विजेची जोडणी आणि दिवसाचे हजार लिटर पाणी द्या. प्रयोगाचे पाणी तुमच्याच प्रक्रिया केंद्रात परत जाईल.

*प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगली आणि साताऱ्यातल्या अधिकाऱ्यांनो,* जो कारखाना स्वतःहून दार उघडतो त्याला प्रयोगाच्या काळात विनाकारण अडचणीत आणू नका, आणि जो रात्री टँकर रिकामा करतो त्याला सोडू नका. हा फरक तुम्ही जाहीरपणे केलात तरच प्रामाणिक माणूस पुढे येईल.

*महाविद्यालयांनो,* सांगलीचे विलिंग्डन आणि वालचंद, साताऱ्याचे यशवंतराव चव्हाण विज्ञान महाविद्यालय, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्याकडे मोजमापाची उपकरणे आणि हुशार मुले आहेत. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प कपाटात ठेवण्यासाठी करू नका, या प्रयोगाला जोडा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यात ‘कमवा आणि शिका’ नव्याने समजावून सांगायची गरज नाही. रोजचे नमुने घेणाऱ्या मुलांना त्याच योजनेतून मोबदला द्या.

*जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांनो,* नावीन्यपूर्ण योजनांसाठी तुमच्याकडे तरतूद असते. या दोन छोट्या प्रयोगांपेक्षा नावीन्यपूर्ण आणि निकडीचे दुसरे काय आहे? प्रस्ताव पुढच्या बैठकीत घ्या, उन्हाळ्यानंतरच्या नव्हे.

*शेतकऱ्यांनो आणि नदीकाठच्या गावांनो,* ग्रामसभेत ठराव करा की आमच्या हद्दीतून जाणाऱ्या प्रत्येक औद्योगिक नाल्याचे आकडे आम्हाला कळले पाहिजेत. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या कलम २५ प्रमाणे मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवायची असते आणि त्या नाल्याशी संबंध असलेल्या माणसाला ती पाहायला मिळाली पाहिजे. तुम्ही ती मागितली आहे का? मागा. नाही मिळाली तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा अर्ज करा. नाल्याचा रंग बदलला तर तारीख आणि वेळेसह छायाचित्र काढा. पण त्या पाण्यात हात घालू नका आणि ते बाटलीत भरून घरी नेऊ नका.

*कापड घेणाऱ्या आपण सगळ्यांनी* दुकानदाराला एक प्रश्न विचारायची सवय लावावी: हे कुठे रंगले? आज त्याला उत्तर देता येणार नाही. शंभर गिऱ्हाइकांनी विचारले तर तो घाऊक व्यापाऱ्याला विचारेल, आणि व्यापारी कारखान्याला.

फसला तर?

फसू द्या. काच काळवंडली, थर सुटला, वीज परवडली नाही, यातले काहीही होऊ शकते. पण कारण कळले तर पुढच्या कारखान्याचे पैसे वाचतील, आणि आकडे उघडे असतील तर ‘आमचे यंत्र सगळे पाणी शुद्ध करते’ असे सांगत फिरणाऱ्या विक्रेत्याला काय विचारायचे, हे प्रत्येक मागधारकाला कळेल. एक हंगाम तपासून फसलेला प्रयोग आपल्याला परवडतो. न केलेल्या प्रयोगाची किंमत मात्र खालच्या गावांना पाण्यातून मोजावी लागते.

या आठवड्यात तीन कामे करा. आपल्या जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात जाऊन हे आवाहन प्राचार्यांच्या हाती द्या. ओळखीचा एक कारखानदार गाठून त्याला नाला देण्याविषयी विचारा. आणि पुढच्या ग्रामसभेच्या किंवा प्रभाग सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय लेखी घालायला लावा. दोन जिल्हे, दोन नाले, मार्चची मुदत. यापेक्षा लहान मागणी नदीसाठी करता येत नाही, आणि ही पूर्ण झाल्याशिवाय मोठी मागणी करायला आपल्याला तोंड राहणार नाही.